एकतीस गाठी आणि एक

४ ऑक्टोबर

डिसेंबरातली सकाळ होती. माझी धाकटी, फिडा, सहा वर्षांची असेल. आम्ही तिघी, माझी आई, मी आणि फिडा, उन्हाला पाठ देऊन पायरीवर बसलो होतो. आईने सुरीने एका ओल्या सुपारीच्या चार फोडी केल्या, पानांना बोटाने चुना लावला. एक फोड तिने घेतली, एक मला दिली, एक येणाऱ्याजाणाऱ्यासाठी टोपलीत ठेवली. चौथी उरली. फिडा हात पुढे करून बसली होती. मी त्या फोडीचा दातांनी कण तोडला, पानाच्या टोकात गुंडाळला आणि तिच्या जिभेवर ठेवला. तिची पहिली क्वाय. जरा वेळाने तिचे कान लालबुंद झाले. "मेई, माझ्या कानांत चूल कुणी पेटवली?" मला म्हणाली. मेई म्हणजे आई. आई हसता हसता मागे कलंडली. बस, एवढंच. त्या दिवशी आणखी काहीही घडलं नाही.

आज तीस वर्षांनी ते आठवलं, कारण आज डॉक्टरांनी माझ्या डाव्या गालाच्या आतून मसुरीएवढा तुकडा कापून बाटलीत टाकला. फिडा बाजूला उभी होती, शाल हनुवटीपर्यंत ओढून. इतकी काही थंडी नव्हती. माझ्याकडे बघवत नसावं तिला.

चार महिने मी या जखमेला "चुना भाजला" म्हणत होते. आमच्याकडे तोंडात काहीही झालं की चुनाच भाजलेला असतो. हात जड पडला म्हणायचं आणि दुसऱ्या गालाने चघळायचं. मुलींना अठ्ठावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या बाईने असं करावं! पण जीवशास्त्र शाळेत होतं आणि तोंड घरात.

आमच्या शाळेच्या सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, भीती वाटली तर वहीत लिही, वही घाबरत नाही. म्हणून ही वही.

९ ऑक्टोबर

डॉक्टर आयलिन माझीच विद्यार्थिनी. दुसऱ्या बाकावर बसायची. बेडूक चिरायच्या दिवशी अख्खा वर्ग नाक दाबून उभा होता, ही एकटी हसत होती. तिने आज माझ्या नजरेला नजर देऊन सांगितलं, "मिस, आहे."

"काय आहे?" मी विचारलं. मला माहीत होतं. तरीही विचारलं.

"कर्करोग आहे. गालापुरता दिसतोय. मानेत गेलाय की नाही, ते ठरायचंय."

मी पर्समधून रुमाल काढला, घडी घातली, पुन्हा पर्समध्ये ठेवला. हेच तीनदा केलं. घरी आल्यावर कळलं की त्यापुढे मी आयलिनला एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाले, "तुझं अक्षर अजून तसंच घाण आहे."

ती म्हणाली, "तुमचं बोलणंही तसंच आहे, मिस. घाबरल्या आहात म्हणून ओरडताय."

१० ऑक्टोबर

तिखट बंद. गरम बंद. पेज आणि उकडलेला भोपळा.

फिडाने स्वतःसाठीही पेजच केली. मी म्हटलं, "अगं, तू जादोह खा, मांस घातलेला भात आहे झाकून ठेवलेला, तुंगतापही आहे." सुक्या मासळीच्या त्या जाळ चटणीवर तिचा किती जीव! लहानपणी बोटं चाटून पुसायची. "तू खात नाहीस तर मीही नाही," म्हणाली. चहासुद्धा निववून प्यायली. कुणाची मुलगी करेल एवढं? मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. आधी तिच्यासाठी, मग स्वतःसाठी.

१४ ऑक्टोबर

आज आयलिनने समजावून सांगितलं. फिडाही होती. लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात गरगर फिरणार नाही.

"मिस," ती म्हणाली, "तुम्ही फळ्यावर लसिका ग्रंथी, म्हणजे मानेतली गाठ, काढायचात, आठवतं? पोलीसचौकी. आत काठी घेतलेला शिपाई. तो म्हणजे पांढरी पेशी."

"छान काढायचे मी तो शिपाई."

"छान होता, पण चूक होता."

"आता निवृत्त झाल्यावर चुका काढतेस का माझ्या?"

"ती चौकी नाही, मिस. घर आहे. आपल्यासारखं घर. दाराशी कुणी आलं की आपण आधी काय विचारतो?"

"काही विचारत नाही. बसवतो, क्वाय देतो. कोण, कुठला, ते मागाहून."

"तेच! गालातला रोग निघण्याआधीच त्याचा सांगावा गाठीत पोचतो. तिथल्या काही पेशी शत्रूशी लढायच्या सोडून त्याच्यासाठी जागा झाडतात, चटई घालतात. ज्या भांडायला उठतील त्यांना दटावतात, गप बसा, हा आपलाच आहे. आणि एकदा एका घरात तो 'आपला' ठरला की ती बातमी अंगभर जाते. मग पुढे त्याला कुणी अडवत नाही."

आयुष्यभर मी दारात आलेल्या प्रत्येकाला आधी टोपली पुढे केली. माझ्या पेशी तरी वेगळं काय शिकल्या असतील?

"सगळ्यांच्या गाठी असंच करतात?" मी विचारलं.

"नाही. काहींच्या भांडतात, आणि चांगल्या भांडतात. का ते आम्हाला नीट कळलेलं नाही. मी त्याच्याच मागे आहे." स्कॅनमध्ये माझ्या मानेत काही मोठं दिसत नाही. पण पाहुणा लहान असला तर स्कॅनलाही दिसत नाही. म्हणून गालाबरोबर डाव्या बाजूच्या गाठीही काढायच्या आणि एकेक तपासायची. चार नोव्हेंबरची तारीख मिळाली आहे. ती चुकली तर पुढची जानेवारीत. "जानेवारीपर्यंत थांबायचं नाही," ती म्हणाली. "काही झालं तरी."

मग तिने माझीच बोटं धरून माझ्या मानेवर फिरवली. जबड्याखालून कानामागे, तिथून खाली गळपट्टीच्या हाडापर्यंत. "रोज सकाळी असं बघायचं. सर्दीने गाठ सुजून अवधाण येतं ते दुखतं, बोटाखाली भिजल्या राजम्यासारखं सरकतं. त्याला भ्यायचं नाही."

"आणि भ्यायचं कशाला?"

"दुखत नाही, सरकत नाही, वाळल्या सुपारीसारखं टणक लागतं, त्याला."

फिडा एकदम म्हणाली, "दुखत नसेल तर वाईट? काँग आयलिन, गालातून मानेत यायला किती दिवस लागतात?"

"कुणाला महिने, कुणाला बरंच जास्त. सांगता येत नाही."

"जरा वारा खाऊन येते," म्हणत फिडा उठून गेली. बाहेर जिन्यावर पायरी धरून बसली होती. मी पाठीवरून हात फिरवला. किती वाळली आहे पोर! माझ्या काळजीने.

१९ ऑक्टोबर

शेजारची काँग बेल्दा, म्हणजे बेल्दाताई, आली. सत्तरी उलटली तरी चढ चढून येते, आणि दारातूनच तोंड सुरू.

"हेर्मिना, क्वायने काही होत नाही बघ. माझी आई एक्क्याण्णव वर्षं चघळली. शेवटच्या दिवशी फादर तोंडात प्रसाद ठेवायला गेले, तर त्यांना आधी तिला सुपारी थुंकायला सांगावं लागलं."

"मग मला कशाने झालं?"

"तू इंग्रजी बोलतेस त्याने. गालावर ताण येतो."

मी किती दिवसांनी हसले. गाल दुखेपर्यंत हसले. मग रीतीप्रमाणे तिच्यापुढे टोपली केली. मला चालत नाही म्हणून घरात पाहुण्याला क्वाय नाही, असं कसं होईल? बेल्दाने एक उचलली, एक फिडाला दिली. फिडाने दोन्ही हात शालीत घेतले. "नको, काँग."

"नको?" बेल्दाचं तोंड उघडंच राहिलं. "माझ्या हातची नको?"

"सोडली आहे मी. मेईसाठी."

बेल्दा रुसून निघाली. जाता जाता मला म्हणाली, "पोर प्रार्थनेच्या गायनातही उभी राहत नाही सप्टेंबरपासून. तिच्यावाचून वरच्या पट्टीत सगळ्या मांजरी ओरडतात. काय बिनसलंय तिचं?"

मी फिडाला विचारलं. म्हणाली, "कंटाळा आला, मेई. तेच तेच गाणं." अकरा वर्षं कंटाळा आला नाही, तो आता आला.

मला संशय येतोय. तिला बेंगळुरूहून नोकरीचं पत्र आलं होतं मागे. माझ्या आजारपणाने अडकली आहे बिचारी. एकेक दोर सोडायला लागली आहे, गायन, क्वाय, शेजार. जाणारं माणूस असंच करतं.

२३ ऑक्टोबर

आज भांडण झालं. भीतीपेक्षा ते मनाला लागून राहिलंय.

ऑपरेशनआधी घराचे कागद नीट करावेत म्हणून मी पेटी उघडली. आमच्यात घर धाकट्या मुलीचं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, चर्चा लागत नाही. घर तिचं, म्हाताऱ्यांची सेवा तिची, गेलेल्यांच्या मेणबत्त्याही तिच्याच. फिडाच्या जन्मापासून हे ठरलेलं आहे. मी कागद तिच्यापुढे ठेवले.

ती म्हणाली, "रिकिंतीच्या नावे कर."

रिकिंती माझी थोरली. नोंगस्टोइनला तिचं स्वतःचं घर आहे, तीन मुली आहेत, डुकरं आहेत.

"काहीतरीच काय! धाकटी असताना थोरलीला?"

"तिला मुली आहेत, मेई. घर पुढे चालेल. माझं काय आहे?"

"तुला जायचंय बेंगळुरूला. सरळ सांग ना. आई मरायची वाट बघत बसवत नाही तुला."

हे माझ्या तोंडून गेलं. ज्या तोंडात तो रोग आहे त्याच तोंडातून. फिडा पांढरी पडली. हसायचा प्रयत्न केला, तोही तोंडावर हात ठेवून. हल्ली तशीच हसते. म्हणाली, "तू चार तारखेला टेबलावर झोप. मग तुला काय ते सरळ सांगते."

कागद पेटीत परत ठेवले.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आईच्या थडग्यावर गवत काढलं, फुलं ठेवली, मेणबत्त्या लावल्या. आमच्यात कुणी वारलं की "देवाच्या घरी क्वाय खायला गेली" म्हणतात. आयुष्यभर किती घरी जाऊन मी हे वाक्य म्हटलं असेल. आज आईच्या दगडापुढे उभं राहून पहिल्यांदा त्याचा अर्थ लागला. तिथेही सुटका नाही म्हणजे.

परवा ऑपरेशन. भीती कशाची, ते नेमकं लिहिते. गाल जाईल, चेहरा वाकडा होईल, त्याची नाही. त्या गाठींची आहे. माझ्या आतल्या, मला न विचारता दार उघडणाऱ्या घरांची. त्यांनी कुणाला बसवून घेतलं असेल तर मला ते कुणी येऊन सांगितलेलं नाही.

तेव्हा लिहून ठेवते. घर फिडाला, ती काही म्हणो. आईची क्वायची टोपली, सुरी आणि चांदीची चुन्याची डबी, फिडाला. पोवळ्याची माळ रिकिंतीला. शाळेतली पितळी घंटा, जी निवृत्त होताना मुलींनी मला दिली, ती शाळेला परत. पुस्तकं आयलिनला. बेल्दाला माझी छत्री. तिची नेहमी फाटकी असते आणि ती नेहमी माझीच मागते.

१३ नोव्हेंबर

जिवंत आहे.

बोलायचं नाही अजून. नाकातून नळी. मानेला डावीकडे एवढा लांब टाका आहे की माझं मलाच पाकिटासारखं वाटतं, बंद केलेलं. फिडाने घरून ती घंटा आणून उशाशी ठेवली आहे. पाणी हवं, घंटा. कूस बदलायची, घंटा. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणतात, "शाळा भरली वाटतं." फिडा घंटेसरशी येते. जमिनीवर चटई टाकून राहते. शाल अजून सोडत नाही.

कागदावर लिहून विचारलं, "बेंगळुरू?"

तिने वाचलं, कागदाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाली, "अहवाल येऊ दे तुझा."

मानेतून निघालेल्या गाठी एकतीस. आयलिन म्हणाली, अभ्यासाला थोडा भाग ठेवून घेऊ का? मी मान हलवायला गेले, हलली नाही. मग घंटा वाजवली. तिने तोच होकार समजला.

२१ नोव्हेंबर

घरी येऊन चार दिवस झाले. आज अहवाल घ्यायला गेलो. थोडं थोडं बोलता येतं, तोंडात बटाटा ठेवल्यासारखं.

सकाळी फिडाने माझ्या पायांत मोजे चढवले, केस विंचरले. लहानपणी मी तिचे विंचरायची तसे, मानेवरून वर घेत. रांगेत आमच्यापुढे सहा माणसं होती. प्रत्येकाच्या तोंडावर रुमाल. आत गेलं की दार लागायचं, आणि बाहेर आम्ही सगळे त्या दाराच्या रंगाकडे बघत राहायचो. हिरवा आहे. कडेला पोपडे निघालेत.

आयलिन उभीच होती. "मिस, एकतीसपैकी एकातही नाही."

मला ऐकू आलं, पण पोचलं नाही. "किती?"

"शून्य! मी स्वतः बघितल्या. गालाच्या अगदी जवळच्या दोन गाठी सुजलेल्या होत्या, नुसत्या पांढऱ्या पेशींनी भरलेल्या. लढाऊ पेशी. कुणाला आत घेतलं नाही त्यांनी, दारातूनच हाकललं. तुमच्यासारख्या खाष्ट बाया, मिस. उशिरा आलेल्या मुलीला वर्गात घ्यायच्या नाहीत तशा."

मी रडले. वाकड्या तोंडाने रडणं फार कुरूप दिसत असेल. फिडाही रडत होती, भिंतीला टेकून, तोंडावर शाल दाबून. मी उठले आणि तिला कुशीत घेतलं. शाल खांद्यावरून घसरली. माझा हात तिच्या मानेवर गेला, सवयीने. गेल्या महिन्याभरात बोटांना तोच रस्ता झाला आहे, जबड्याखालून कानामागे, तिथून खाली.

उजव्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली, माझी बोटं थांबली.

बोटाखाली गाठ होती, सरकली नाही. दाबली तर फिडाने "आई गं" म्हटलं नाही. तिने फक्त डोळे मिटले.

"मेई," ती कानात म्हणाली, "तू आधी. तुला कळलं असतं तर तू टेबलावर झोपलीच नसतीस."

आयलिनचं हसू पुसलं गेलं. तिने फिडाला खुर्चीत बसवलं. "तोंड उघड." फिडाचं तोंड दोन बोटंच उघडलं. त्याहून जास्त उघडेना.

"केव्हापासून?" आयलिनने विचारलं.

"सप्टेंबर. आधी वाटलं, चुना भाजला."

२२ नोव्हेंबर

कालची वाक्यं सकाळी पुन्हा वाचली. मग मागची सगळी पानं वाचली. पेज, निवलेला चहा, शाल, तोंडावरचा हात, गायन, "रिकिंतीच्या नावे कर". सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. सुवाच्य. आयलिनच्या अक्षराला मी नावं ठेवली, आणि स्वतःचं मला वाचता आलं नाही.

बेंगळुरूचं ते पत्र फिडाने केव्हाच चुलीत घातलं होतं. विचारलं तेव्हा म्हणाली, "मला कुठे जायचंय गं? इथेच राहायचंय." आणि मग सहा वर्षांच्या फिडासारखी मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी तिच्या कानांकडे बघत बसले.

आयलिनने काल तिचा तुकडा काढला. दहा दिवस लागतील. "सगळ्यांच्या गाठी सारख्या नसतात, मिस," ती म्हणाली. "या रोगात मानेत गेलेलेही बरे होतात. आहेत माझ्याकडे असे." असतील. फिडा माझ्या पोटची आहे. माझा खाष्टपणा तिच्यात थोडा तरी उतरला असेल, ही आशा मी पहिल्यांदाच करते आहे. आजवर तिला सांगत आले, मुलीच्या जातीने गोड असावं, आल्यागेल्याला बसवावं.

दोन नोव्हेंबरला लिहिलेलं आता चालणार नाही. नव्याने लिहिते.

आईची टोपली आणि चुन्याची डबी कुणालाही नाही. आज बेल्दा येईल तेव्हा तिच्यापुढे मोसंबी ठेवीन. रुसली तर रुसू दे. तिला छत्री मात्र आत्ताच द्यावी, मरायची वाट कशाला? सुरी फिडाला, भोपळा चिरायला. पोवळ्याची माळ रिकिंतीला, पण तिने ती घ्यायला स्वतः यावं आणि महिनाभर राहावं. डुकरं नवरा बघेल. येत्या गुरुवारी टाके दाखवायचा माझा पहिला नंबर आहे, तो फिडाला. माझ्या टाक्यांना घाई नाही. पेजेचा खोल वाडगा, मऊ उशी, खिडकीजवळची खाट, हेही तिलाच.

घर फिडाचं. ते रिकिंतीच्या नावे होणार नाही, उद्या नाही आणि पुढेही नाही. कागद आज दुपारी तिच्यासमोर पुन्हा ठेवणार आहे, आणि या वेळी ती सही करेपर्यंत उठणार नाही.

घंटा शाळेला नाही. घंटा फिडाच्या उशाशी. तिने वाजवायची, मी यायचं.